आधी रातकिडे पाळा, मग शॅमेलिऑन

आमच्या मानपाड्याच्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, प्लास्टिकची दोन खोकी आहेत. पाहुण्यांना वाटतं कांदे-बटाटे असतील. असतात रातकिडे. हॉलमधल्या जाळीच्या पिंजऱ्यात ते खाणारा व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा आहे, त्याला बघायला सगळे येतात. मुलीने त्याचं नाव ‘पोपट’ ठेवलंय, त्यामुळे काही जण अजून पिंजऱ्यात पक्षी शोधतात. पण रोजचा हिशेब मांडला तर पोपटामागे माझी दहा मिनिटं जातात आणि त्या खोक्यांमागे वीस.

म्हणून शॅमेलिऑनचं पिल्लू आणायचं म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगतो: पिल्लाच्या महिनाभर आधी रातकिडे घरी आणा. महिनाभर ते जगले, घरात वास सुटला नाही आणि घरच्यांनी तुम्हाला खोक्यांसकट बाहेर काढलं नाही, तर पिल्लाचं बघू.

मी स्वतः उलटं केलं होतं. पिल्लू शनिवारी आलं आणि रविवारी मी एका दुकानातून ‘शॅमेलिऑनचे किडे’ मागून आणले. दुकानदाराने डबीत कोंबून दिले ते काळे, जाडजूड, बोटाच्या पेराएवढे. पोपट तेव्हा अडीच महिन्यांचा, शेपटी सोडली तर माझ्या तर्जनीएवढा. किडे बघून तो पानांमागे जाऊन बसला. ‘भूक लागली की खाईल’ म्हणत मी ते रात्रभर पिंजऱ्यातच ठेवले. सकाळी त्याच्या मागच्या पायाच्या बोटांवर चावे होते. उपाशी रातकिडा झोपलेल्या सरड्याला कुरतडतो, हे मला तेव्हा कळलं.

कागदपत्रांचं दोन मिनिटांत

आपल्या रानातला भारतीय शॅमेलिऑन पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ने तो संरक्षित आहे. कुणी ‘गावाकडून आणून देतो’ म्हणालं तर हात जोडा. घरात दिसतात ते परदेशी: येमेन आणि सौदी अरेबियातला व्हेल्ड किंवा मादागास्करचा पँथर. दोन्ही जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या परिशिष्ट २मध्ये आहेत. २०२२ सालच्या कायदेदुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्याची नोंदणी करावी लागते, आणि २०२४च्या नियमांप्रमाणे ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर पिल्लू कितीही गोड असो, परत फिरा.

मापाची गोष्ट

किडा किती मोठा चालेल? पिल्लाच्या दोन डोळ्यांच्या मधल्या अंतरापेक्षा किडा लांब नको. लांबी म्हणजे डोक्यापासून शेपटापर्यंत, मिशा सोडून. हा नियम थोडा कडक आहे. मोठं जनावर याहून मोठा घास सहज गिळतं. पण पहिल्या चार-पाच महिन्यांत मी तो मोडत नाही.

घरात आकडे असे बसतात. अंड्यातून नुकता निघालेला रातकिडा जेमतेम २ मिलिमीटरचा असतो, त्याला पिनहेड म्हणतात. दोन आठवड्यांत तो ४-५ मिलिमीटरचा होतो आणि तीन आठवड्यांच्या पुढे ८-१०चा. अडीच-तीन महिन्यांच्या पिल्लाला ५ ते ७ मिलिमीटरचा किडा बरोबर बसतो. म्हणजे दुकानात ‘छोटे’ म्हणून न मागता ‘दोन ते तीन आठवड्यांचे’ म्हणून मागा. दुकानदार गोंधळला तर तो किडे स्वतः वाढवत नाही, एवढं तुम्हाला कळेल.

आणि लागतात किती? वाढतं पिल्लू रोज खातं. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसाला दहा-बारा लहान किडे आरामात संपवतं, कधी पंधरा. बाराने धरलं तरी महिन्याला ३६० झाले. वाटेत आणि खोक्यात मरणारे धरून महिन्याला साडेचारशे-पाचशेची तयारी ठेवा. हा आकडा ऐकून आमच्याकडे पाच मिनिटं शांतता पसरली होती.

कोणते किडे, आणि आपल्या हवेत कोणते टिकतात

रातकिडा हा पोळी-भाजीसारखा रोजचा. शौकीन मंडळी त्याला ‘क्रिकेट’च म्हणतात, त्यामुळे फोनवर ‘क्रिकेट संपले, नवे कधी येतील?’ असं बोलल्यावर शेजारच्या काकांनी मला स्कोअर विचारला होता. दोन प्रकार मिळतात: तपकिरी आणि काळे. काळे अंगाने दणकट असतात, पण चावतात जास्त, एकमेकांना खातातही जास्त, आणि मोठे झाले की आवाजाने मजला डोक्यावर घेतात. पिल्लासाठी तपकिरी मिळाले तर तेच घ्या.

फळांवरची चिलटं दीड-दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांसाठी उत्तम. मोठ्या पिल्लाला ती चण्या-फुटाण्यासारखी, पोट भरत नाही पण टिपायला मजा येते. न उडणाऱ्या चिलटांची पैदास बाटलीत करता येते. २५ अंशांच्या आसपास दहा-बारा दिवसांत नवी पिढी निघते. एप्रिल-मेमध्ये पारा तिशीच्या वर राहिला की त्यांची प्रजा खुंटते, मग बाटल्या घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात हलवायच्या. पावसाळ्यात काहीच करावं लागत नाही. पिंजऱ्यात केळ्याची साल टांगली की घरभरची चिलटं स्वतःहून हजर होतात.

ब्लॅक सोल्जर फ्लायची अळी मला सगळ्यात आवडते, आणि ती ठाण्याच्या हवेतली आहे. सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या खतपेटीत जून-जुलैत ज्या मळकट, चपट्या अळ्या वळवळतात आणि ज्यांच्यामुळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर तक्रारी येतात, त्या बहुतेकदा हिच्याच. इतर किड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो. हिच्यात उलटं असतं. मात्र खतपेटीतल्या अळ्या उचलून खायला घालू नका. त्या कचऱ्यात कोणाच्या घरचं काय पडलंय ते कोणालाच माहीत नसतं. तिथून थोड्या घेऊन वेगळ्या डब्यात गव्हाचा कोंडा आणि धुतलेल्या भाजीच्या सालींवर वाढवा, आणि त्यांची पुढची पिढी वापरा. पांढुरकी, लहान अळीच द्यायची. काळपट झाली की तिचं कातडं चिवट होतं. काही अळ्या न पचता तशाच बाहेर पडतात, म्हणून आठवड्यातून एक-दोनदाच. पण चार अळ्या माश्या होऊ द्या. ही माशी चावत नाही, अन्नावर बसत नाही, आणि तिच्यामागे जीभ फेकणारं पिल्लू बघणं हे या छंदातलं खरं सुख आहे.

मीलवर्म, म्हणजे पिठात वाढणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या, मिळायला सगळ्यात सोपे, म्हणूनच सगळ्यात जास्त गळ्यात मारले जातात. ‘मीलवर्म सरड्याचं पोट आतून फोडतो’ ही भीती खोटी आहे. खरी अडचण अशी की त्यांचं कवच पिल्लाला पचायला जड आणि कॅल्शियम अगदीच कमी. कात टाकून नुकता पांढरा झालेला मीलवर्म निवडून आठवड्याला दोन-तीन दिले तर हरकत नाही. ते कोंड्यात गाजराच्या चकतीवर राहतात आणि फ्रिजच्या दारात ठेवले की वाढ थांबते. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे एकदा उपमा करायला रवा म्हणून तो डबा निघाला होता. सुपरवर्म, म्हणजे तशाच पण मोठ्या अळ्या, मात्र फ्रिजमध्ये मरतात, आणि लहान पिल्लाला ते नकोतच. वॅक्सवर्म ही मेण खाणाऱ्या पतंगाची अळी, म्हणजे चरबीचा गोळा. त्याची चटक लागली की पिल्लू रातकिड्याकडे बघत नाही.

रेशमाची लहान अळी मऊ आणि कमी चरबीची. तिला खायला तुतीची कोवळी पानंच लागतात. औषध न मारलेलं तुतीचं झाड ओळखीचं असेल तरच या फंदात पडा. दुबिया झुरळं ओरडत नाहीत, गुळगुळीत भिंत चढत नाहीत, मरतात कमी. कागदावर ती रातकिड्यापेक्षा सरस. पण ‘आम्ही झुरळं पाळतो’ हे वाक्य घरी उच्चारायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

बाहेरचे किडे

‘येऊरला जाऊन नाकतोडे पकडून आण की,’ असं सांगणारे भेटतातच. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून काहीही उचलायचं नाही. शेताच्या बांधावरचे नाकतोडे फवारणीचं औषध अंगावर घेऊन फिरत असतात. रुईच्या झाडावर बसणारा निळा-पिवळा देखणा टोळ रुईचं विष स्वतःच्या अंगात साठवतो. केसाळ सुरवंट नको. घरातलं झुरळ तर नकोच नको, त्याने शेजारच्या फ्लॅटमधलं झुरळं मारायचं जेल चाटलेलं असू शकतं.

आणि काजवे. पावसाच्या तोंडावर ते कधी दिव्याला भुलून, तर कधी ट्रेकहून आलेल्या सॅकमधून घरात येतात. अनेक जातींच्या काजव्यांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि एखाददुसरा काजवा खाऊनही पाळीव सरडे दगावले आहेत. त्या दिवसांत रात्री पिंजऱ्याशेजारची खिडकी जाळीशिवाय उघडी ठेवू नका.

खोकं लावणं

एक खोकं खाण्यासाठी, एक पैदाशीसाठी. सुरुवातीला एकच पुरे. चाळीस-पन्नास लिटरचं, गुळगुळीत भिंतीचं, निदान ४० सेंटिमीटर उंच प्लास्टिकचं खोकं भांड्यांच्या दुकानात मिळतं. झाकणाला मोठी चौकोनी खिडकी कापा आणि तिथे बारीक स्टीलची जाळी गरम गोंदाने चिकटवा. नायलॉनची मच्छरजाळी लावू नका. रातकिडे ती कुरतडतात, आणि ते चुकले तर पाल. बाल्कनीतल्या पालीला आत काय आहे ते दुसऱ्या दिवशीच कळतं. आतल्या बाजूने वरच्या कडेला रुंद सेलोटेपचा पट्टा फिरवला की पिनहेडही वर चढू शकत नाहीत.

आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे ठेवा, आडवे नाही. उभ्या ट्रेमधून लेंड्या खाली पडतात. ट्रे किराणावाला फुकट देतो, पण अंड्याचा बलक सांडलेला ट्रे घेऊ नका. तळाशी माती, भुसा काही घालायचं नाही. तळ उघडा असला की दर चार दिवसांनी ब्रशने झाडता येतो, मेलेले किडे दिसतात, वास येत नाही. रातकिडे घाण वास मारतात हा समज मेलेल्या आणि ओल्या रातकिड्यांमुळे पसरलाय. कोरड्या, हवेशीर खोक्याला वास जवळजवळ नसतो.

पाण्याची वाटी ठेवू नका. त्यात ते बुडून मरतात. गाजर, लाल भोपळा किंवा दुधीची चकती रोज सकाळी ठेवायची आणि संध्याकाळी उचलायची. पावसाळ्यात ती रात्रभर राहिली की बुरशी येते.

रातकिड्यांना २८ ते ३२ अंश आवडतं, म्हणजे ठाण्याची हवा. हीटरची गरज डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरती, आणि तेव्हाही फ्रिजच्या मागच्या उबेत खोकं सरकवलं तरी भागतं. खरा शत्रू पावसाळा. जुलैच्या दमट हवेत ट्रे मऊ पडतात, लेंड्यांना ओल धरते, बारीक माश्या आणि माइट (जेमतेम दिसणारे कोळीकिडे) होतात, आणि एका रात्रीत शंभर किडे उताणे दिसतात. माझे पहिल्या पावसाळ्यात असेच गेले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर चार गोष्टी बदलतो: खोक्यात किडे निम्मे, ट्रे आठवड्याला नवे, खाणं चिमूटभर, आणि खिडकीजवळ दिवसातून दोन तास छोटा पंखा. पंख्याचा झोत खोक्यावर थेट नको, वरून वारा सरकला पाहिजे.

मुंग्यांचं सांगतो. मुंग्या रातकिड्यांचा फडशा पाडतात, आणि मुंग्यांसाठी खडू ओढला किंवा पावडर टाकली तर रातकिडेही मरतात. आजी दूध-तुपाच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची ना? तेच करा. लहान स्टूल, चार पायांखाली चार वाट्या, पाण्यात साबणाचा थेंब. डासांची अंडी होऊ नयेत म्हणून दर दोन दिवसांनी पाणी बदला.

किड्याच्या पोटात काय जातं

या सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि दुकानात याबद्दल कोणीच सांगत नाही. पिल्लू रातकिडा खातं म्हणजे रातकिड्याने आदल्या दिवशी जे खाल्लं तेही खातं. दुकानातून आलेला किडा दोन-तीन दिवस पुठ्ठा चघळत असतो. तो तसाच घातला तर पिल्लाच्या तोंडात पुठ्ठ्याने भरलेलं कवच पडतं. म्हणून नवे किडे आणल्यावर २४ ते ४८ तास त्यांना पोटभर खाऊ घाला आणि मगच वापरा. याला गट-लोड म्हणतात.

बाजारातली गट-लोड पावडर महाग पडते. आपल्या स्वयंपाकघरात त्याची चांगली सोय आहे. कोरड्यात माझं मिश्रण: दोन वाट्या नाचणीचं पीठ, एक वाटी गव्हाचा कोंडा, अर्धी वाटी ओट्स, दोन चमचे माशांचं फ्लेक खाद्य. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांत एवढं दुसऱ्या कशात नाही. माशांचं खाद्य प्रथिनांसाठी. प्रथिनं कमी पडली की रातकिडे एकमेकांचे पाय खायला लागतात. तंगडी तुटलेले किडे जास्त दिसले तर मिश्रण तपासा.

ओल्यात शेवग्याचा पाला सगळ्यात वर. कॅल्शियम भरपूर, आणि रातकिडे त्यावर तुटून पडतात. त्याच्या जोडीला कढीपत्ता, कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा, पपई आणि संत्र्याची फोड आलटून पालटून. पालक, अळू आणि राजगिरा रोज नको. त्यांच्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि आपली सगळी धडपड तर कॅल्शियमसाठी आहे. कांदा-लसूण नको.

भाजी मंडईतली असो की वाशीच्या घाऊक बाजारातून आलेली, वाहत्या पाण्यात नीट चोळून धुवा आणि पुसून मगच ठेवा. नव्या जुडीतलं पान आधी वेगळ्या डबीत पाच-सहा रातकिड्यांना घालून एक दिवस बघायचं. जुन्या काळी राजाचं जेवण आधी चाखून बघणारा असायचा, तसे हे माझे चाखणारे. दोनदा त्यांनी जीव देऊन पूर्ण खोकं वाचवलंय.

पावडर लावणं, आणि चुना न लावणं

किडा कितीही चांगला जेवला तरी त्याच्यात कॅल्शियम कमीच. रातकिड्यात कॅल्शियमच्या साधारण सातपट फॉस्फरस असतो, मीलवर्ममध्ये पंधरापटीच्या वर. पिल्लाला हवं उलटं: फॉस्फरसच्या दीड-दोनपट कॅल्शियम. ते मिळालं नाही तर शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून काढून घेतं. हाडं मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा होतो. मुलांच्या मुडदुसाची ही जवळची बहीण आहे, आणि एकदा वाकलेलं हाड सरळ होत नाही.

म्हणून देण्याआधी किडे कोरड्या डबीत घ्या, चिमूटभर कॅल्शियम पावडर टाका आणि हलक्या हाताने फिरवा. किडा भुतासारखा पांढराफटक नको, पिठी साखर भुरभुरल्यासारखा दिसला पाहिजे. रोजच्या खाण्याला व्हिटॅमिन डी३ नसलेलं साधं कॅल्शियम कार्बोनेट. महिन्यातून दोनदा डी३ असलेलं कॅल्शियम आणि महिन्यातून दोनदा मल्टिव्हिटॅमिन. हे दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवा. आमच्या कालनिर्णयावर अमावास्या-पौर्णिमेशेजारी ‘पोपट डी३’ लिहिलेलं असतं. डी३ आणि व्हिटॅमिन ए शरीरात साठतात, ‘जास्त दिलं तर जास्त चांगलं’ हे त्यांना लागू नाही. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्यांत बहुतेक वेळा डी३ असतं, त्या कुटून वापरू नका.

पानाच्या डब्यातला चुना कॅल्शियमच आहे, तो लावला तर? हा प्रश्न मला निदान चार जणांनी विचारलाय, त्यात माझे सासरे एक. नाही. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो, पिल्लाचं तोंड आणि जीभ भाजते. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारं समुद्रफेन चालतं. ते मैद्यासारखं वस्त्रगाळ करून घ्यायचं.

आणि पावडर कितीही लावली तरी यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा नसेल तर ती वाया. खिडकीच्या काचेतून ऊन येतं, यूव्हीबी येत नाही. त्याच्याशिवाय शरीरात डी३ बनत नाही आणि पोटातलं कॅल्शियम रक्तात जात नाही. बजेट कमी असेल तर पिंजरा साधा घ्या, दिवा चांगला.

खाऊ घालणं

सकाळी दिवे लागून तासभर झाल्यावर. अंग गरम झाल्याशिवाय सरड्याला पचत नाही, आणि संध्याकाळी दिलेलं रात्रभर थंड पोटात पडून राहतं. पिल्लाला सकाळी मोठं जेवण आणि दुपारी दोनच्या आत थोडं. पंधरा-वीस मिनिटांत खाईल तेवढं, उरलेले किडे मोजून परत काढायचे.

मोजून काढता यावेत म्हणून मी कप वापरतो. श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा, आतून गुळगुळीत, मागच्या भिंतीला आतून नायलॉनच्या जाळीचा तुकडा. रातकिडे जाळीवर चढतात आणि पिल्लाला हलताना दिसतात. हा डबा नेहमीच्या फांदीपासून जीभभर अंतरावर, थोडा खाली टांगा. शॅमेलिऑनची जीभ त्याच्या धडापेक्षाही लांब जाते, त्यामुळे फार जवळ नको. पहिले तीन-चार दिवस तो कपाकडे ढुंकून बघणार नाही. तुम्ही समोर उभे राहून बघत असाल तर अजिबातच नाही. कप टांगा आणि दुसऱ्या खोलीत जा. बाकीचे दोन-तीन किडे फांद्यांवर मोकळे सोडा, शिकार करत हिंडणं हाच त्याचा व्यायाम.

एकच किडा रोज दिला की एक दिवस तो संप पुकारतो. तेव्हा घाबरून वॅक्सवर्म काढू नका. एक दिवस चिलटं किंवा माशी द्या, परत रातकिडा द्या. सहा महिन्यांनंतर रोजचं खाणं हळूहळू एक दिवसाआड आणा. मादी असेल तर हे विशेष पाळा. भरपेट खाल्लेली व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, आणि जास्त खाल्लं की अंडी इतकी होतात की जीवावर बेतते.

धूर, मशीन आणि पेस्ट कंट्रोल

पावसाळ्यात महापालिकेची धूरफवारणीची गाडी येते. डेंग्यूसाठी ती हवीच, पण तो धूर किड्यांना मारण्यासाठीच असतो आणि रातकिड्याला तो डास नसल्याचा पुरावा देता येत नाही. गाडीचा आवाज आला की बाल्कनीचं दार बंद करा, खोकी आत घ्या, तासभर बाहेर काढू नका. प्लगला लावायची डासांची मशीन आणि अगरबत्ती खोक्यांच्या किंवा पिंजऱ्याच्या खोलीत कायमची बंद. त्यापेक्षा मच्छरदाणी लावा. सोसायटीत पेस्ट कंट्रोलची नोटीस लागली की त्या दिवशी मी खोकी बहिणीकडे ऐरोलीला पाठवतो. ती आनंदाने घेते असं म्हणणार नाही.

औषधाने लडबडलेला किडा लगेच मरतोच असं नाही, लंगडतो, गोल फिरतो. असा किडा कधीही खाऊ घालायचा नाही. संशय आला तर पूर्ण खोकं टाकून द्या. पाचशे किडे परत मिळतात.

घरची पैदास

जमलं तर खर्च बराच वाचतो. वीस-तीस मोठे रातकिडे घ्या, एका नराला तीन माद्या. मादीला मागे सुईसारखी लांब नळी असते, तीच ती मातीत खुपसून अंडी घालते. चार बोटं खोल डब्यात ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा, मुठीत दाबलं तर पाणी ठिबकता कामा नये. वर जाळी ठेवा, म्हणजे बाकीचे अंडी उकरून खात नाहीत. तीन दिवसांनी डबा काढून भोकांच्या झाकणासह उबेत ठेवा. दहा ते चौदा दिवसांत एका सकाळी कोकोपीट हलताना दिसेल. ते पिनहेड असतात, शेकड्यांनी. दर आठवड्याला नवा डबा लावला की प्रत्येक मापाचे किडे हाताशी राहतात.

आवाजाचं मात्र लक्षात घ्या. किरकिर करतात ते फक्त पंख फुटलेले नर. पिल्लासाठी लागणारे छोटे किडे मुके असतात, त्यामुळे सुरुवातीला शेजाऱ्यांना काहीच कळत नाही. पैदाशीचे नर रात्री दोनला सुरू झाले की कळतं. वरच्या मजल्यावरच्या आजींना बरेच दिवस वाटत होतं की यंदा पाऊस लवकर येणार. म्हणून मी वरच्या प्रमाणापेक्षा कमी, दोनच नर ठेवतो, आणि रात्री खोक्यावर जाड चादर, हवेपुरती फट ठेवून.

लेंड्या झाडताना मास्क लावा, त्या भुकटीने दमा उसळू शकतो. नंतर साबणाने हात धुवा. खोक्याचं सामान स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही.

पिल्लाची जीभ दोन-तीनदा चुकायला लागली, चढताना पाय थरथरले, पापण्या सुजल्या, दोन दिवस तोंड लावलं नाही किंवा दिवसा डोळे मिटून बसलं, तर वाट न बघता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा. जाताना ताजी विष्ठा छोट्या डबीत न्या, रातकिड्यांमधून येणारे जंत तपासणीत दिसतात. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, ‘किड्यांना काय खायला घालता?’ त्यासाठी नाचणी, शेवगा, पावडरचे दिवस असं सगळं लिहिलेली वही बरोबर ठेवा.

उरलेले किंवा पंख फुटून ओरडायला लागलेले किडे खाली बागेत सोडू नका. डबीत भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी कुंडीच्या मातीत मिसळा. माझ्या कढीपत्त्याला ते फार मानवतात, आणि त्याच कढीपत्त्याची पानं पुढच्या खोक्यात जातात.